तालुक्याच्या गावातलं आउटसोर्सिंग: दर खाली येत चाललेत, टिकणारं असं काय उभं करायचं?

कोरडवाहू

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला आमचं छोटं सेंटर आहे. काम अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या मेडिकल बिलिंगचं, पण थेट नाही. मूळ करार पुण्याच्या एका कंपनीकडे आहे आणि आम्ही तिचे सब-व्हेंडर. पेमेंट पोस्टिंग (विमा कंपनीकडून आलेले पैसे खात्यात नोंदवणं), क्लेमच्या दुरुस्त्या आणि विमा कंपनीने नाकारलेल्या क्लेमचा पाठपुरावा, म्हणजे डिनायलचं काम. तीसेक मुलंमुली आहेत. बहुतेक बीएस्सी किंवा बी. फार्म झालेली, आसपासच्या गावांतून दुचाकीने नाहीतर एसटीने येणारी.

करार नवा करायची वेळ आली आहे. समोरून दोन मागण्या आल्या: दर कमी करा, आणि तुमच्याकडच्या एसओपी (कामाच्या लेखी पद्धती), टेम्पलेट, नोंदी सगळं आमच्या सर्व्हरवर चढवा. दराची मागणी दरवेळी असतेच. दुसऱ्या मागणीने मात्र झोप उडवली. कारण दहा वर्षांनी या सेंटरला काही किंमत असेल तर ती त्या नोंदींमुळेच असेल असं मला वाटतं. खुर्च्या, कॉम्प्युटर आणि इन्व्हर्टर विकून काय येणार?

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दवाखाना विमा कंपनीकडे क्लेम पाठवतो. तो नाकारला गेला की एक कोड येतो. सीओ-२९ म्हणजे दाखल करायची मुदत गेली (मेडिकेअरला, म्हणजे तिकडच्या सरकारी विम्याला, उपचाराच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं, खासगी कंपन्यांकडे बरेचदा बरंच कमी). सीओ-२२ म्हणजे आधी दुसऱ्या विमा कंपनीकडे जा. सीओ-१६ म्हणजे माहिती अपुरी, आणि हा सगळ्यांत जास्त वेळ खातो, कारण नेमकं काय अपुरं आहे ते रिमार्क वाचून शोधावं लागतं. कोड बघायचा, दुरुस्ती करायची, परत पाठवायचं. प्रत्येक दुरुस्तीमागे आम्हाला ठरलेला दर मिळतो.

आमच्या टीम लीड ताईंनी एका वहीत, नंतर एक्सेलमध्ये, एक जास्तीचा रकाना सुरू केला: ही चूक मुळात झाली कुठे? एमआरआय आणि एक्स-रे करणाऱ्या एका सेंटरचे क्लेम सारखे सीओ-१६ लागून परत यायचे. तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरचा एनपीआय नंबर, म्हणजे तिकडचा डॉक्टरचा ओळख क्रमांक, रिकामा, म्हणजे फॉर्मवरची १७-बीची जागा कोरी. आमची मुलं नंबर शोधून भरत आणि परत पाठवत. दर ठरलेला, काम चालू. ताईंच्या रकान्यात दिसलं की असे जवळजवळ सगळे क्लेम एकाच शाखेतून येतात. चौकशी केली तेव्हा कळलं, त्या शाखेत नोंदणी करणारी माणसं डॉक्टरचं नाव यादीतून निवडत नाहीत, हाताने टाइप करतात. यादीतून निवडलं तर नंबर आपोआप येतो, टाइप केलं तर येत नाही. ताईंनी दोन स्क्रीनशॉट आणि चार ओळींचा मेल पाठवला. तिकडे त्यांनी टाइप करायची सोयच बंद केली. त्या प्रकारचे डिनायल जवळपास संपले.

कॉलवर कौतुक झालं. पुढच्या महिन्याचं आमचं बिल तेवढ्याने कमी झालं.

म्हणजे आम्ही जितकं चांगलं काम करू तितकं आमचं उत्पन्न घटणार, आणि जे शिकलो तेही सर्व्हरवर चढवून द्यायचं. ज्यांनी या धंद्यात वर्षं काढली आहेत त्यांना विचारायचं आहे, यातून मार्ग कसा काढायचा? गावातली तीस घरं यावर चालतात, म्हणून मनापासून विचारतोय.

मिहानवासी

कोरडवाहू, तुमच्या ताईंना आधी नमस्कार. मी मोठ्या बीपीओत क्वालिटी आणि ट्रान्झिशनमध्ये काम केलंय, आता नागपुरात असतो. तुमची अडचण छोट्या सेंटरपुरती नाही, अख्खा उद्योग त्यातूनच गेलाय.

थोडा इतिहास बघा. जीई कंपनीने १९९७ मध्ये गुडगावला स्वतःच्या कामासाठी सेंटर काढलं. पुढे त्यातला मोठा हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदारांनी घेतला, २००५ मध्ये त्याचं नाव जेनपॅक्ट झालं आणि २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी झाली. ब्रिटिश एअरवेजने १९९६ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या सेंटरची डब्ल्यूएनएस झाली, आणि २०२५ मध्ये कॅपजेमिनीने ती ३.३ अब्ज डॉलरना घेतली. पैसे मोजणाऱ्यांनी कशाचे मोजले? माणसं तर बाजारात मिळतात, जागा भाड्याने मिळते. किंमत होती ती विमान कंपन्यांचा हिशेब कसा चालतो, विम्याचा दावा कुठे अडकतो, काम पाहून चूक कशी कमी करायची, या मुरलेल्या जाणकारीची आणि त्यावर उभ्या असलेल्या अनेक वर्षांच्या करारांची. तुमच्या ताईंचा रकाना त्याच जातीचा आहे. आकार लहान आहे एवढंच.

आता बिलाचं. आपल्याकडे पैसे आकारायच्या तीन रीती आहेत. माणसामागे महिन्याला इतके, ज्याला एफटीई म्हणतात. कामामागे इतके, जे तुमचं आहे. आणि निकालावर, म्हणजे वसुलीचा किंवा बचतीचा टक्का. पहिल्या दोन्हींत सुधारणा करणाऱ्याचंच नुकसान होतं. एफटीईत काम कमी झालं की माणसं कमी करा म्हणतात, तुमच्यात नग कमी होतात. मी अशी फ्लोअर पाहिली आहेत जिथे टीमला चुकीचं मूळ ठाऊक असायचं आणि कोणी बोलायचं नाही, कारण बोललं की स्वतःच्याच मित्राची सीट जायची. मला या धंद्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट कुठली वाटते विचाराल तर हीच. क्लायंटला सेवा विकत मिळते आणि अक्कल दाबून ठेवावी लागते.

नव्या करारात तिन्हींचं मिश्रण मागा. कितीही कमी काम आलं तरी महिन्याला किमान रक्कम, जिच्यात पगार आणि वीज निघेल. त्यावर नगाप्रमाणे दर, हवं तर त्यांच्या म्हणण्याप्रमाणे थोडा कमी. आणि तिसरा भाग: ज्या कारणाचे डिनायल तुम्ही मुळातून बंद कराल, त्यातून दवाखान्याचा जो खर्च वाचला त्याचा ठरावीक हिस्सा, ठरावीक काळापुरता. पुण्याची कंपनी लगेच हो म्हणेल असं नाही. पण तीही वरच्या क्लायंटला काहीतरी दाखवू पाहतेय. पहिल्याच फेरीत मंजूर होणाऱ्या क्लेमचं प्रमाण वाढलं, हे तिलाही मिरवता येतं. तुमचा रेट कार्ड नेऊ नका, तो एनपीआयचा किस्सा आकड्यांसह न्या.

पांढरंसोनं

मले बिलिंगचं काई समजत नाई, मी जिनिंगच्या धंद्यातला माणूस. पण भाऊ, तुमचं वाचून मले आपल्या कापसाचीच आठवण आली. पिकवतो आपण, रेचतो आपण, गठाण बांधून ट्रकमंधी टाकली की आपलं काम खलास. सूत, कापड, शर्ट बंदं दुसरीकडं. गठाणीचा भाव आपल्या हातात कधीच नव्हता. तुम्ही पोट्ट्यायच्या डोक्याची गठाण बांधून पाठवून रायले. ते ताईचं एक्सेल म्हणजे तुमचं सूत हाय. ते तसंच सर्व्हरवर टाकून देऊ नका बाप्पा, आधी वकिलाले दाखवा.

दस्तऐवज

वरच्या भाऊंचा सल्ला बरोबर आहे, म्हणून लिहितो. अमरावतीत करारांचं आणि करांचं काम पाहतो. तुमचा करार पाहिलेला नाही, त्यामुळे सर्वसाधारण बोलतो. सही करण्याआधी कागद एखाद्या जाणकाराला दाखवाच.

नोंदी कोणाच्या? भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १७ नुसार नोकराने नोकरीत लिहिलेल्या गोष्टीची पहिली मालकी नोकरी देणाऱ्या संस्थेची असते. म्हणजे तुमच्या ताईंनी लिहिलेल्या एसओपीची पहिली मालकी तुमच्या फर्मची. ती दुसऱ्याला जायची तर लेखी हस्तांतरण लागतं, ते कलम १९ मध्ये आहे. पण बहुतेक आउटसोर्सिंग करारांत 'या कामातून तयार होणारं सर्व काही क्लायंटच्या मालकीचं' असं एक वाक्य असतंच, आणि तुमच्या जुन्या करारात ते असेल तर आतापर्यंतचं बरंच गेलं असं धरून चला. तेव्हा पहिलं काम: जुना करार काढा आणि ते वाक्य शोधा. नव्या करारात दोन पेट्या करून घ्या. एका पेटीत त्या क्लायंटची प्रक्रिया, त्यांच्या स्क्रीन, त्यांचे नियम, हे त्यांचं. दुसऱ्या पेटीत तुमची पद्धत: कारणांचं वर्गीकरण, तपासणीचे तक्ते, प्रशिक्षणाचं साहित्य. हे तुमचं, आणि त्यांना कराराच्या मुदतीत वापरायची परवानगी. एक ध्यानात ठेवा, कॉपीराइट लिहिलेल्या मांडणीला मिळतो, त्यामागच्या कल्पनेला नाही. उद्या दुसऱ्याने तसाच रकाना स्वतः आखला तर अडवता येणार नाही.

दुसरं, याहून महत्त्वाचं. त्या एक्सेलमध्ये रुग्णाचं नाव, जन्मतारीख, विम्याचा मेंबर नंबर यातलं काहीही नको. रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला लावणारा अमेरिकेचा हिपा कायदा १९९६ चा, आणि २०१३ च्या नियमांनंतर सब-कॉन्ट्रॅक्टरही थेट त्याच्या कक्षेत येतात. शाखा कोणती, कोड कोणता, मूळ कारण काय, उपाय काय केला, एवढंच राहू द्या. अशी वही तुम्ही पुढच्या क्लायंटसमोर निर्धास्त उघडू शकता. रुग्णाची माहिती असलेली वही ही मालमत्ता नाही, ती जबाबदारी आहे.

तिसरं पैशाचं. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे का? २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज. आणि १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३-बी (एच) मुळे मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही, ही तरतूद २०२४-२५ च्या कर निर्धारण वर्षापासून लागू झाली. छोट्या सेंटरची अर्धी ताकद नव्वद दिवसांच्या उधारीत जाते. त्या पैशात दोन मुलांचं मेडिकल कोडिंगचं, म्हणजे आजार आणि उपचारांना ठरलेले कोड लावायचं, प्रशिक्षण झालं असतं.

रात्रपाळी

मी मोर्शीची. नागपुरात एआर कॉलिंग केलं, म्हणजे अमेरिकेतल्या विमा कंपन्यांना फोन करून क्लेम कुठे अडकला ते विचारायचं. आता गावी आहे. वर करार, मालकी, दर सगळं आलं. माणसांबद्दल कोणी काही लिहिलं नाही म्हणून लिहिते.

दादा, तुमच्या सेंटरची खरी किंमत त्या ताई आहेत. त्या उद्या गेल्या तर एक्सेल उरेल, पण त्यात पुढची ओळ कोण लिहील? गावातल्या सेंटरबद्दल सगळे म्हणतात की इथे माणसं सोडून जात नाहीत. मला हे वाक्य आवडत नाही. दुसरं काही मिळत नाही म्हणून थांबलेलं माणूस मन लावून कारण शोधत नाही, ते नग मोजतं. थांबण्यासारखं काही समोर दिसलं पाहिजे. पोस्टिंगमधून डिनायलमध्ये, तिथून कोडिंगमध्ये, मग ऑडिटला, मग क्लायंटच्या कॉलवर, अशी चढण प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच दाखवा. तुमच्याकडे बी. फार्मची मुलं आहेत, त्यांना औषधांची आणि शरीररचनेची भाषा आधीच येते. सीपीसीची, म्हणजे मेडिकल कोडिंगच्या प्रमाणपत्राची परीक्षा, शंभर प्रश्न आणि चार तास, ती द्यायला लावा आणि फी सेंटरने भरा. पास झाल्यावर सोडून जाईल ही भीती सगळ्या मालकांना असते. काही जातीलही. पण ज्या सेंटरमध्ये पाच जण सर्टिफाइड आहेत त्या सेंटरशी समोरचा वेगळ्या आवाजात बोलतो, हे मी फोनच्या या बाजूने ऐकलंय.

क्लायंटच्या कॉलवर ताईंना बसवा. त्यांनी शोधलेलं कारण त्यांनीच सांगायचं. इंग्रजी अडखळत असेल तर अडखळू दे, दोन महिन्यांत सुटतं. आमच्याकडे शोधायचं एकाने आणि स्लाइडवर नाव दुसऱ्याचं असं चालायचं, आणि तिथूनच लोक मनाने निघून जायला लागायचे.

रात्रीचं काम घेऊ नका, निदान आत्ता तरी. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा, त्यामुळे कॉलिंग म्हटलं की रात्र आलीच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन या गोष्टी लागतात. दारव्ह्याच्या आसपासच्या पाच गावांत पहाटे साडेतीनला गाडी सोडायची म्हणजे खर्चही आणि घरच्यांची नाराजीही. कोडिंग, पोस्टिंग, डिनायलचा अभ्यास, ऑडिट ही सगळी कामं आपल्या दिवसा होतात आणि तिकडच्या सकाळी तयार मिळतात. तेच तुमचं बळ समजा.

अजून एक. पेरणी, पोळा, कापूस वेचणी या काळात हजेरी पडते हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी धावपळ होते. प्रत्येक कामाला दोन माणसं तयार ठेवली आणि वर्षाच्या सुरुवातीलाच कोण केव्हा रजेवर ते लिहून टाकलं, तर एसएलए, म्हणजे करारात कबूल केलेली वेळ आणि दर्जा, तुटत नाही. क्लायंटला पोळा माहीत नसतो, पण सप्टेंबरमध्ये यांचं काम कधी अडत नाही हे त्याला बरोबर दिसतं.

शंकेखोर

सगळ्यांचं वाचलं, पटलंही. तरी एक प्रश्न टाळून चालणार नाही. पेमेंट पोस्टिंगचं काम ८३५ च्या इलेक्ट्रॉनिक फाइलमधून (विमा कंपनीने कोणत्या क्लेमचं किती दिलं, काय नाकारलं ते सांगणारी फाइल) बऱ्याच अंशी आपोआप होतंच आहे. अपीलचं पत्र एआय काही सेकंदांत लिहितं. ताईंचं एक्सेल पुण्याच्या सर्व्हरवर गेलं की त्यावर एखादं मॉडेल शिकवायला किती वेळ लागेल? मग तीस माणसांचं सेंटर कशाला हवं? टिकाऊ मूल्य वगैरे ठीक, पण ज्या कामावर ते उभं करायचं ते कामच पाच वर्षांनी असेल का, याचं उत्तर कोणी द्यावं. कोणाचं मन मोडायचं नाही, माझी पुतणी याच क्षेत्रात उतरायचं म्हणतेय.

मिहानवासी

शंकेखोर, प्रश्न रास्त आहे. पोस्टिंग जाईल. बरंचसं गेलंय. ज्या सेंटरची निम्मी कमाई पोस्टिंगवर आहे त्याने आजच माणसं दुसऱ्या कामावर हलवायला घ्यावीत. यात मी आशेचं काही सांगणार नाही.

पण एनपीआयच्या किश्शात काय झालं ते परत पाहा. नंबर नाही हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगेल. त्या शाखेत माणसं नाव टाइप का करतात, यादी उघडायला वेळ लागतो म्हणून का नवीन डॉक्टर यादीत चढवलेलेच नाहीत म्हणून, हे विचारायला कोणीतरी फोन उचलावा लागतो, आणि तिकडच्या माणसाला राग न येता सवय बदलायला लावावी लागते. शिवाय नियम एका जागी थांबत नाहीत. रोगनिदानाचे आयसीडी-१० कोड दर १ ऑक्टोबरला बदलतात, उपचारांचे सीपीटी कोड दर १ जानेवारीला. विमा कंपन्या आपापल्या अटी मध्येच बदलतात. कालच्या नोंदींवर शिकलेलं यंत्र उद्याच्या अटीवर अडतं, तेव्हा पहिली नोंद कोणीतरी माणूसच करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या क्लेम विमा कंपन्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि अमेरिकेतल्या असंख्य दवाखान्यांचे क्लेम जायचेच थांबले. त्या दिवसांत कोणत्या विमा कंपनीचं पोर्टल थेट चालतं, कुठे कागदी क्लेम घेतात, मुदतवाढ कोण देतंय, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांची किंमत क्लायंटला कळली.

आणि एआय तुम्हीच वापरा. इथे दराची रीत पुन्हा आडवी येते. माणसामागे पैसे घेत असाल तर यंत्राने वाचवलेला वेळ क्लायंटच्या खिशात जातो. निकालामागे घेत असाल तर तो तुमच्याकडे राहतो. म्हणून मी तिसऱ्या भागावर इतका जोर देतोय. टक्का सुरुवातीला छोटा असला तरी चालेल, पण ती ओळ करारात येऊ द्या. फक्त रुग्णाची माहिती कुठल्याही फुकटच्या चॅटबॉटमध्ये कोणी टाकणार नाही, हा नियम भिंतीवर लावा.

पुतणीला या क्षेत्रात येऊ द्या. कोडिंग आणि ऑडिट शिकू दे, नुसती टाइपिंगची नोकरी नको.

सेवाग्राम_रोड

मी वर्धेकडच्या एका रुग्णालयात कॅशलेस डेस्क पाहतो. मला एक सांगावंसं वाटतं: अमेरिकेकडेच का बघता?

२०२४ मध्ये इर्डाने, म्हणजे आपल्या विमा नियामकाने, नियम केला की कॅशलेसची परवानगी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. ऐकायला छान आहे, पण घड्याळ चालू होतं ते कागद पूर्ण गेल्यावर. इथे विदर्भात वीस-तीस खाटांची किती रुग्णालयं आहेत, यवतमाळ, अमरावती, अकोला, वर्धा सगळीकडे. बहुतेक ठिकाणी टीपीएचं (विमा कंपनीच्या वतीने क्लेम पाहणाऱ्या मध्यस्थ कंपनीचं) काम एकच मुलगा पाहतो. तो रजेवर गेला की रुग्णाचे नातेवाईक संध्याकाळपर्यंत काउंटरसमोर बसून. क्वेरी येते: पूर्वीचा आजार किती वर्षांपासून, केस पेपरवरची तारीख आणि फॉर्मवरची तारीख जुळत नाही, इम्प्लांटचा स्टिकर जोडलेला नाही. प्रत्येक वेळी तेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या फाइलींचंही तसंच, एक फोटो किंवा एक रिपोर्ट राहिला की क्लेम अडकतो आणि रुग्णालयाचे पैसे अडकतात.

तुमच्या ताईंचा रकाना इथे जसाच्या तसा चालेल. दर डॉलरचे नसतील. रुग्णालयंही पैसे वेळेवर देतात असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण क्लायंट थेट तुमचा असेल, मधे कोणी नाही, काम दिवसा, आणि मोटरसायकलवर जाऊन नोंदणी काउंटरवरच्या माणसाला समोर बसून समजावता येईल. दोन-तीन रुग्णालयांपासून सुरुवात करा. एकाच क्लायंटवर सगळं सेंटर टांगलेलं असेल तर त्याने दर पाडला की तुम्हाला मान खाली घालावीच लागते.

दस्तऐवज

शेवटच्या वाक्याला दुजोरा. एखादी फर्म विकत घ्यायला किंवा कर्ज द्यायला कोणी आलं की पहिल्या काही प्रश्नांत हा असतो: सगळ्यांत मोठा क्लायंट गेला तर काय उरतं? त्यापाठोपाठ दुसरा: फर्मची मालकी बदलली तर करार चालू राहतो की आपोआप संपतो? नफा चांगला असूनही या दोन प्रश्नांवर किंमत घसरते. तेव्हा मालकी बदलण्याबाबतचं कलमही वाचून घ्या, आणि नोटिशीची मुदत किमान ९० दिवस मागा.

कोरडवाहू

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस ताईंबरोबर बसून हे सगळं परत वाचलं.

जुना करार काढला. त्यात 'डिलिव्हरेबल' क्लायंटचे असं आहे, आणि डिलिव्हरेबल कशाला म्हणायचं त्याची यादी शेवटी जोडलेली आहे. त्या यादीत प्रक्रियेच्या एसओपी आहेत, कारणांचं रजिस्टर नाही. कागद यवतमाळच्या वकिलांना दाखवायला दिला आहे. त्यांचंही मत तसंच आलं तर एसओपी देऊन टाकू, रजिस्टर आमच्याकडे ठेवू आणि नव्या करारात दोन पेट्या मागू. रजिस्टरमध्ये काही ठिकाणी मेंबर नंबर होते, ते काढायचं काम आजच सुरू केलं.

सीपीसीसाठी चार जण तयार झाले, त्यात तीन मुली. रात्रपाळी ताई, चढणीचा तक्ता भिंतीवर लावतोय. कोणत्या पायरीला किती पगार तेही त्यावर लिहिणार.

सेवाग्राम रोड, तुमचं मला सगळ्यांत जास्त भिडलं. इथल्या माणसाचा क्लेम सुटला तर ते समाधान वेगळं आहे. एका ओळखीच्या रुग्णालयाशी बोलणं लावतो.

एकच अडकलंय. मिहानवासी साहेब, बचतीचा हिस्सा मागायचा तर आधी किती डिनायल होते आणि नंतर किती, यावर वाद होणार. आकडे कोणाचे धरायचे? आमचं एक्सेल ते मानणार नाहीत, त्यांचा डॅशबोर्ड आम्हाला दिसत नाही.

मिहानवासी

तुमचंही नाही आणि त्यांचंही नाही. विमा कंपनीकडून येणाऱ्या ८३५ फाइल दोघांकडे असतात, त्याच मोजा. मागच्या बारा महिन्यांची सरासरी हा पाया धरा. कोणते कोड मोजायचे त्याची यादी करारासोबत जोडा, सगळे कोड घेऊ नका, ज्यांचं मूळ नोंदणीत किंवा पात्रता-तपासणीत आहे तेवढेच घ्या. आणि मोजताना डिनायल कोणत्या महिन्यात आला ते पाहू नका, उपचार कोणत्या महिन्यात झाला ते पाहा. डिनायल उशिरा येतात, त्यामुळे एखाद्या महिन्याचा आकडा किमान ९० दिवस झाल्याशिवाय पक्का धरू नका, नाहीतर पहिल्याच तिमाहीत फुगलेली सुधारणा दिसेल आणि पुढे तुमच्यावरच उलटेल. डिनायलची संख्या घेऊ नका, एकूण क्लेमशी प्रमाण घ्या. दवाखान्याने नवी शाखा उघडली की संख्या वाढणारच.

एका डिनायलमागे त्यांचा किती खर्च वाचतो हा आकडा शोधत बसू नका, तिथे महिनोन्‌महिने जातील. सध्या ते तुम्हाला एका दुरुस्तीमागे जो दर देतात तोच वाचलेला खर्च धरा. त्याचा अर्धा हिस्सा एक वर्षभर मागा. बोलता बोलता एक तृतीयांशावर आलात तरी घ्या.

दस्तऐवज

यात एक ओळ माझी घाला. करार कोणत्याही कारणाने संपला, तरी त्याआधी ज्या कारणांचा बंदोबस्त तुम्ही केला आणि दोन्ही बाजूंनी मेलवर मान्य झाला, त्यांचा हिस्सा ठरलेली मुदत संपेपर्यंत मिळत राहील. ही ओळ नसेल तर सुधारणा करून झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात नोटीस येऊ शकते. आणि मान्यता मेलवरच घ्या, कॉलवरची नको. प्रत्येक कारणाला एक क्रमांक द्या: कारण, शाखा, उपाय कोणत्या तारखेला झाला, तिकडून कोणी हो म्हटलं. ताईंच्या रजिस्टरमध्ये हे आणखी काही रकाने.